पडद्यावरचा तळहात

घाटाच्या पायथ्याला, हमरस्त्याला लागूनच असलेल्या एका रुग्णालयात एकदा एक वृद्ध शल्यचिकित्सक होते आणि त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. दोघांचीही नावे मी सांगणार नाही. वृद्धांना आपले नाव छापून आलेले खपत नसे. शिष्या आज स्वतःच दुसऱ्यांना शिकवते, आणि तिच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीवरून तिला चिडवावे अशी माझी मुळीच इच्छा नाही.

घाट म्हटला की अपघात आलेच. त्यामुळे या रुग्णालयाच्या अपघात विभागाला भिंतीला भिंत लावून सीटी स्कॅनची खोली बांधलेली होती. कुणी फार जबर जखमी होऊन आला, की त्याला डोक्यापासून मांडीपर्यंत एका दमात त्या यंत्राच्या कड्यातून काढायचे आणि आत कुठे काय फुटले, तुटले, वाहते आहे ते पाहायचे. सरसकट प्रत्येकाला मात्र वृद्ध तिथे पाठवत नसत. स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या, नीट बोलणाऱ्या माणसाचे नातेवाईक "सगळ्या अंगाचा फोटो काढाच" म्हणून हटून बसले, तर वृद्ध म्हणत, "ते किरण अंगात जातात, फोटोग्राफरचा दिवा नाही तो. यांना इथे बसवा, आम्ही तासातासाने तपासतो." लोक रागावत. रागावू देत, माणूस बसून राहिला म्हणजे झाले, असे त्यांचे म्हणणे.

या विभागाची एक रीत होती. यंत्रातली चित्रे पडद्यावर आली की एकाने ती पाहत मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने कागदावर लिहायचे. डोके, मान, छाती, पोट, कंबर. क्रम मोडायचा नाही. जिथे काही नसेल तिथे "काही नाही" असेही मोठ्याने म्हणायचे. आणि शेवटचे चित्र संपेपर्यंत "सापडलं" हा शब्द कुणीही उच्चारायचा नाही. नव्याने आलेले तरुण डॉक्टर या प्रकाराला आपसात 'पाढे म्हणणे' म्हणत आणि हसत. शिष्याही हसे. तिचे हसणे थोडे समजण्यासारखे होते, कारण तिची नजर खरोखर तेज होती. इतरांना चार वेळा पाहून जे दिसे ते तिला चित्र सरकता सरकता दिसे. अशा माणसाला पाढे कशाला हवेत?

एका सकाळी, दहाच्या सुमारास, विलास खरमाटे नावाच्या वायरमनला जीपमधून आणले. खांबावर काम करताना शिडी सरकली आणि तो पंचवीस फुटांवरून ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळला. सोबत्यांनी त्याला एका दाराच्या फळीवर बांधून आणले होते. डाव्या पायाचे हाड गुडघ्याखाली मोडून कातडीच्या बाहेर आले होते आणि फळीवरून रक्त टपकत होते. तो शुद्धीवर होता. "पाय... पाय बघा माझा," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्याच्या मागोमाग त्याची बायको मंदाकिनी धावत आली. एका पायात चप्पल होती, दुसरी वाटेत कुठे तरी राहिली होती. दारावरच्या सिस्टरने तिला थांबवले, तेव्हा तिने शिष्येचा हात धरला.

"डाक्टरीनबाई, समदं बगा हो. नुसता पाय बगू नका. आमचं मालक दुखलं-खुपलं कधी सांगत न्हाईत. मागं दाढ सुजून थोबाड फुगलं तवा मला कळलं."

"बघतो, सगळं बघतो," शिष्या म्हणाली आणि हात सोडवून आत पळाली. असे आपण सगळेच म्हणतो. म्हणताना खोटे बोलत नसतो, पण ऐकलेलेही नसते.

आत वृद्धांनी मांडीवर पट्टा आवळून पायाचे रक्त थांबवले, पायाला फळी लावली आणि त्यावर हिरवी चादर टाकली. पाय दिसेनासा झाला. विलासचा रक्तदाब नव्वदवर होता आणि नाडी पळत होती. दोन पिशव्या रक्त चढवल्यावर तो शंभरपर्यंत आला. पोटाची पटकन सोनोग्राफी केली, तर डाव्या बाजूला रक्तासारखे काही साचलेले दिसत होते.

"सर, सरळ ऑपरेशनला घेऊ या," शिष्या म्हणाली. "पोटातच आहे."

वृद्धांनी रक्तदाबाच्या आकड्याकडे पाहिले. "नव्वदच्या खाली गेला तर घेऊ, यंत्राचं नावही काढणार नाही. वर राहिला तर पाच मिनिटं कड्यातून काढू. ऑपरेशनची खोली तयार करायला सांगितलंय, तिला तेवढा वेळ लागतोच."

ते फोनवर कधी बोलले, हे शिष्येच्या लक्षातही आले नव्हते.

विलासला यंत्राच्या अरुंद टेबलावर घेतले. शिरेतून औषध सोडले, की अंगभर एकाएकी उष्णता पसरते आणि कपड्यातच लघवी झाल्यासारखे वाटते. त्याला हे कुणी सांगायला विसरले होते. त्याने मान न हलवता डोळे वळवून सिस्टरकडे पाहिले. "ताई, कपडे ओले झाले वाटतं माझे. माफ करा." पायाचे हाड बाहेर आलेला माणूस अशा गोष्टीची माफी मागत होता. सिस्टरने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि काही झालेले नाही म्हणून सांगितले. मग सगळ्यांना बाहेर यावे लागले. किरण सुटताना आत फक्त रुग्ण राहतो.

काचेच्या अलीकडे उभे राहणे ही या कामातली सर्वांत वाईट गोष्ट आहे, असे शिष्येने मला पुढे सांगितले. माणूस दहा फुटांवर असतो आणि त्याला हात लावता येत नाही. आतल्या पडद्यावरचे आकडे काचेतून दिसत होते. एकशे दोन. अठ्ठ्याण्णव. टेबल हळूच कड्यात शिरले. चौऱ्याण्णव. शिष्या तळहात पुन्हा पुन्हा कोटाला पुसत होती. ब्याण्णव. वृद्धांचा हात दाराच्या कडीवर होता. टेबल बाहेर आले तेव्हा आकडा ब्याण्णववरच होता, आणि सगळे एकदम आत धावले. तिसरी पिशवी लावली.

शिष्या मात्र पडद्याशी बसली. चित्रांचा अर्थ लावणारे तज्ज्ञ त्या दिवशी रुग्णालयात नव्हते, त्यांचा अहवाल शहरातून यायला निदान वीस मिनिटे लागणार होती. तोवर जे काही वाचायचे ते इथल्यांनीच. वृद्ध येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. शिष्येने चित्रांचा गठ्ठा सरकवला, डोके गेले, मान गेली, छाती गेली, आणि पोटाशी येऊन तिचा हात थांबला. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, म्हणजे रक्ताने भरलेली पाणथरी, दुभंगली होती. आजूबाजूला रक्ताचे तळे होते.

"सापडलं!" ती उठलीच. "प्लीहा फुटलीय, सर. चला."

वृद्धांनी काय करावे? त्यांनी आपला उजवा तळहात उचलला आणि पडद्यावर, नेमका त्या फुटलेल्या प्लीहेवर ठेवला. चित्राचा तेवढा भाग झाकून गेला.

"बस," ते म्हणाले. "डोक्यापासून वाच."

शिष्येला आपण चुकीचे ऐकले असे वाटले. "सर, तो आत रक्त गाळतोय! मिळालंय आपल्याला काय ते!"

"डोक्यापासून. मोठ्याने."

"सर, तो मरेल!"

"ट्रॉली आणून त्याला उचलायला तीन मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं तुझी आहेत. वाच."

मला या जागी शिष्येची बाजू घ्यावीशी वाटते. काचेपलीकडे एक माणूस विझत चालला आहे, दाराबाहेर त्याची बायको एका चपलेवर उभी आहे, आणि हा म्हातारा पडद्यावर हात ठेवून पाढे म्हणायला लावतो आहे. तिला त्या क्षणी गुरूंचा राग आला, अगदी मनापासून आला. ती बसली ती आज्ञा म्हणून बसली आणि रागारागाने वाचू लागली.

"डोकं. कवटी नीट. मेंदूत रक्तस्राव नाही. काही नाही."

वृद्धांनी डाव्या हाताने लिहिले. ते डावखुरे नव्हते. अक्षर वेडेवाकडे येत होते, पण उजवा हात त्यांनी पडद्यावरून काढला नाही.

"मान. मणके सरळ. काही नाही. छाती. डावीकडे तीन बरगड्या मोडल्या. फुप्फुस नीट फुगलेलं आहे. हृदय..." ती थांबली. चित्र एक मागे नेले, एक पुढे नेले. "सर."

"क्रमाने बोल."

"महाधमनी." तिचा आवाज बदलला होता. हृदयातून निघून कमानीसारखी वळते आणि सबंध शरीराला रक्त पुरवते ती सर्वांत मोठी नळी. त्या वळणाच्या पुढे तिच्या भिंतीला एक छोटासा फुगवटा आला होता, आणि भोवती पुसट धुकट कडा होती. आतले अस्तर फाटले होते. बाहेरचा पातळ पदर तेवढा धरून होता. "इथे फाटलीय, सर. फुटलेली नाही अजून."

वृद्धांनी लिहिले, आणि म्हणाले, "पुढे."

तिने पोट वाचले, कंबर वाचली. कंबरेत काही नव्हते, तेही तिने मोठ्याने सांगितले. शेवटचे चित्र संपले तेव्हा वृद्धांनी हात काढला. ट्रॉली नुकतीच दारातून बाहेर पडत होती. तीन मिनिटांना अजून काही क्षण बाकी होते.

भूलतज्ज्ञ ट्रॉलीबरोबर चालतच होते. वृद्धांनी त्यांना गाठून कागद दाखवला. रक्त गेलेल्या माणसाचा रक्तदाब प्लीहा काढताच औषधांनी झपाट्याने वर चढवायचा, हा नेहमीचा शिरस्ता. भूलतज्ज्ञांनी औषध भरूनही ठेवले होते. महाधमनीचा तो पातळ पदर त्या दाबाखाली तरला नसता. "शंभरच्या वर जाऊ द्यायचा नाही," वृद्ध म्हणाले. "आणि डोक्यात काही नाही, म्हणून एवढा खाली ठेवायची मुभा आहे. मेंदूला मार असता तर हेही करता आलं नसतं." शिष्येने रागाने उच्चारलेले ते पहिले "काही नाही" सुद्धा कामाला आले होते.

पुढचे दोन तास त्या खोलीत सगळे एका आकड्याकडे पाहत होते. खूप खाली गेला तर माणूस जाणार, खूप वर गेला तर माणूस जाणार. एकदा तो एकशे दहावर चढला तेव्हा शिष्येचे टाके घालणारे हात आपोआप थांबले. भूलतज्ज्ञांनी तो हळूहळू खाली आणला, तेव्हा तिने पुढचा टाका घातला. प्लीहा निघाली. पोट कोरडे राहिले. महाधमनीवर उपचार करणारे लोक मोठ्या शहरातच होते. त्यांच्याशी बोलणे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विलासला तिकडे न्यायचे ठरले.

दुपारी चहा घेताना शिष्येने मनात घोळत असलेले विचारलेच.

"सर, तुम्हाला ती आधीच दिसली होती ना? मला दिसते का ते बघत होतात."

वृद्धांनी कप खाली ठेवला. "दिसली असती तर बोट ठेवलं असतं तिच्यावर. हात कशाला ठेवला असता? आणि परीक्षा घ्यायची असती तर त्या गरिबाच्या जिवावर नसती घेतली."

"मग?"

"मीही प्लीहाच बघत होतो, अगं. तू 'सापडलं' म्हणालीस तेव्हा मीही मनात तेच म्हणालो. माझे डोळे तिथून हलेनात. म्हणून झाकली. तुझ्यापासून नव्हे, माझ्यापासून."

वृद्ध आपणहून पुढे बोलले. एरवी ते एवढे बोलत नसत.

"माझ्या ऐन उमेदीत ट्रकच्या टपावरून पडलेला एक माणूस आला होता. यकृत फाटलेलं. मी शिवलं. असे टाके मला आज जमायचे नाहीत, इतके सुंदर होते. दुसऱ्या दिवशी तो गेला. छातीत रक्त साचून गेला. लोक हळहळले, म्हणाले, तेव्हा असली यंत्रं नव्हती, तुम्ही तरी काय करणार. मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. पण छातीचा एक्स-रे काढलेला होता. पाकिटात घालून माझ्या टेबलावर ठेवलेला होता. मी तो पाकिटातून बाहेर काढला नाही. यकृत मिळालं होतं ना मला. माणूस न दिसल्यामुळे चुकतो असं आपण समजतो. मी दिसल्यामुळे चुकलो. डोळ्याला एक मोठं काही मिळालं की तो जेवून उठल्यासारखा स्वस्थ होतो. यंत्र सगळं शरीर दाखवतं गं, पण बघायचं आपल्यालाच असतं. आणि तुझी नजर तेज आहे, म्हणून तुला भीती जास्त. तुला लवकर सापडतं."

त्या तीन मिनिटांत आपण एकट्याच घाबरलो होतो असे शिष्येला तोवर वाटत आले होते. ते चहा संपवून उठले आणि वॉर्डाकडे गेले.

ही गोष्ट मी डॉक्टरांसाठी लिहीत नाही, त्यांना ती माहीत असावी. आपल्या घरात मूल शाळेत मागे पडते, किंवा कुणाचा तरी स्वभाव एकाएकी चिडका होतो, तेव्हा आपणही एक कारण शोधतो, ते मिळताच उठतो आणि धावत सुटतो. मिळालेले कारण बहुधा खरेही असते. म्हणून तर ते इतका घात करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णवाहिका दारात उभी होती. विलास शुद्धीवर होता, रक्तदाब ताब्यात होता, कागद तयार होते. मंदाकिनी पिशवी घेऊन खाटेशी उभी होती. पायात कुणाच्या तरी रबरी चपला होत्या.

"बाई, समदं बगितलं न्हवं?" तिने विचारले.

शिष्येच्या ओठांवर "हो" आलेच होते. कागदावर सगळे लिहिलेले होते, डोक्यापासून कंबरेपर्यंत. तिने त्या कागदाकडे पाहिले. मग चालकाला पाच मिनिटे थांबायला सांगितले आणि खाटेच्या पायथ्याची चादर उचलून विलासच्या बांधलेल्या पायावर आणि पोटाच्या पट्टीवर पसरली, ते दोन्ही दिसेनात अशी.

"डोकं," ती मोठ्याने म्हणाली आणि त्याच्या केसांतून बोटे फिरवू लागली. सिस्टरने न सांगता कागद घेतला. मान झाली, खांदे झाले. मग तिने त्याचा उजवा हात उचलला. यंत्रात जाताना दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन ठेवलेले असतात, सगळ्या शरीराच्या त्या चित्रांत हात आलेलेच नव्हते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, थोडी सूज होती. तिने तिथे हलकेच दाबले. विलासच्या तोंडून "आई गं" निघाले.

"इथे दुखतं?"

"कालपासून जरा लागतंय," तो ओशाळून म्हणाला. "पायाच्या दुखण्यात सांगायचं राहिलंच. असं कितीसं असणार?"

"ह्योच हात की ओ तुमचा!" मंदाकिनी कळवळून म्हणाली. पक्कड धरायचा, खांबावर स्वतःला पेलायचा, घर चालवायचा तोच तो हात. अशा सुजेखाली बहुधा हाड मोडलेले असते; ते तसेच राहिले असते, वाकडे जुळले असते, तर वाचलेल्या विलासला पुन्हा खांबावर चढता आले नसते. मंदाकिनीने पदर तोंडाला लावला आणि शिष्येकडे पाहिले. "म्या म्हटलं न्हवतं, सांगत न्हाईत म्हणून?"

वृद्ध वॉर्डाच्या दारात येऊन उभे होते. शिष्येने त्यांना पाहिले, पण ती काही म्हणाली नाही. तिने सिस्टरला मनगटाला फळी बांधायला सांगितले, कागदावर तेवढे लिहून घेतले, आणि खाटेला वळसा घालून विलासचा दुसरा हात हातात घेतला.